‘ईदनंतर बघू’ : आखातातल्या मराठी भरती अधिकाऱ्यांना खुले पत्र

दुबई, अबुधाबी, शारजा, दोहा, मस्कत, रियाध इथल्या कंपन्यांत माणसं निवडण्याच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या मराठी बंधु-भगिनींनो,



पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमच्या मालकांना ते वाचता येऊ नये अशीच माझी इच्छा आहे. हे आपल्या घरातलं बोलणं आहे. आखातातल्या एचआर खात्यांत आज ठाणे, पुणे, नाशिक, रत्नागिरीकडची माणसं काही कमी नाहीत. उमेदवाराचा अर्ज पहिल्यांदा तुमच्यासमोर उघडतो. त्याचा फोन उचलला तर तुम्हीच उचलता, आणि वाजू दिला तरी तुम्हीच. खातेप्रमुख, अरब भागीदार, मालक ही सगळी पुढची मंडळी.

मी श्रीवर्धन-म्हसळ्याकडचा. आमच्या भागात दर वाडीत आखाताच्या पगारावर बांधलेली घरं आहेत, त्यातलंच एक माझं. आखातातल्या एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात नोकरीची बहुतेक वर्षं गेली, पुष्कळ रोजे तिथेच धरले, आता गावी असतो. विझिट व्हिसा काढून निघालेली पोरं जाण्याआधी ओट्यावर येऊन बसतात. “चाचा, सीव्ही जरा बघा,” म्हणतात. त्यांना जे सांगायचं ते मी सांगतोच. पण त्यातलं निम्मं त्यांच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं.

रमजान लागला की तुमच्याकडून एकच उत्तर येतं. ईदनंतर बघू. पंधरवडाभर आधीपासून यायला लागतं ते. कधी फोनवर, कधी रिसेप्शनवरच्या मुलीच्या तोंडून, बऱ्याचदा तर तेवढंही नाही, नुसती शांतता. तुमच्या बाजूने त्यात वाईट काही नसतं हे मी जाणतो. माणसं उपाशी आहेत, तास कमी आहेत, सही करणारा उमऱ्यासाठी मक्केला गेलाय. पण समोरच्याचं गणित एकदा त्याच्या जागी बसून मांडा.

अमिरातीचा विझिट व्हिसा ३० दिवसांचा नाहीतर ६० दिवसांचा. रमजानचे २९ किंवा ३० दिवस, त्याला जोडून शव्वाल महिन्याचे पहिले तीन दिवस ईदची सुट्टी, पुढेमागे शनिवार-रविवार आला तर तोही. ज्याने ३० दिवसांचा व्हिसा काढला त्याचा सगळा मुक्काम या एका उत्तरात बुडाला. ६० दिवसवाल्याचा निम्म्याहून जास्त. मुदत संपल्यावर अमिरातीत राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड. मुदत वाढवून घ्यायची तर पुन्हा फी. दुबईच्या देऱ्यातल्या नाहीतर करामातल्या एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर घेतलेल्या बेडस्पेसचं भाडं महिन्याच्या महिन्याला, आणि ते आगाऊ. हे पैसे बहुतेकांनी घरून आणलेले असतात. कुणाच्या आईची पाटली, कुणाच्या भावाचं सोसायटीचं कर्ज. “ईदनंतर बघू” म्हणताना तुमचा महिना जातो, त्याचा व्हिसा जातो.

आता तुम्ही म्हणाल, रमजानमध्ये कामच होत नाही त्याला आम्ही काय करणार. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

रमजान म्हणजे भरतीचा मेलेला महिना, ही समजूत कुठून आली ते आठवून बघा. चांद्रवर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. २०१३ ते २०१७ या वर्षांत तो मेअखेर ते ऑगस्टची सुरुवात या पट्ट्यात येत होता. दुबईतला जूनचा रोजा जवळपास १५ तासांचा. बाहेर ऊन असं, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. शाळांना सुट्ट्या, साहेबलोक युरोपात, बायकामुलं केरळात नाहीतर कोकणात. ईद झाली तरी ऑफिसं भरायची नाहीत, सगळं सप्टेंबरवर जायचं. त्या वर्षांत जे एचआरमध्ये नव्याने लागले त्यांनी “रमजानमध्ये भरती नाही” हे वाक्य उचललं, आणि पुढच्यांना शिकवलं. पण मेला होता तो उन्हाळा. रमजान त्यात सापडला होता एवढंच.

आज रमजान कुठे आहे? २०२५ मध्ये आखातात तो १ मार्चला लागला. त्यानंतर तो फेब्रुवारीत शिरतो, मग जानेवारीत. २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा येईल, एकदा जानेवारीत, एकदा डिसेंबरअखेर. फेब्रुवारीतला रोजा पावणेतेरा-तेरा तासांचा, हवा गार. आणि जानेवारी ते मार्च हा आखातातल्या भरतीचा ऐन हंगाम, हे तुम्हाला मी सांगायला हवं असं नाही. नव्या वर्षाचं बजेट मंजूर झालेलं असतं. बोनस हातात पडलेली माणसं राजीनामे देतात आणि त्यांच्या जागा रिकाम्या होतात. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलात सुरू होतं, म्हणजे त्यांना शिक्षक फेब्रुवारी-मार्चमध्येच लागतात. ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीच्या शाळा ऑगस्टअखेर भरतात, त्यांचीही निवड साधारण याच महिन्यांत चालते. पुण्याची बी.एड. झालेली एखादी मुलगी नवऱ्यामागून शारजात आली असेल आणि कुणी तिला “आता रोजे आहेत, एप्रिलात बघ” म्हणाला असेल, तर त्याने तिचं एक वर्ष घालवलं.

कोकणात पाऊस लागला म्हणून कुणी घरात बसत नाही, लावणी त्याच पावसात उरकायची असते. तुमचा हंगाम आता रमजानातच येतो आहे, आणि पुढची काही वर्षं येत राहणार आहे.

तास कमी असतात हे खरं. अमिरातीत खासगी कंपन्यांतल्या प्रत्येकाचा दिवस दोन तासांनी लहान होतो, रोजा असो वा नसो, धर्म कुठलाही असो. आठाचे सहा. तिथल्या केंद्र सरकारची खाती अलीकडच्या वर्षांत सोमवार ते गुरुवार ९ ते अडीच आणि शुक्रवारी ९ ते १२ चालली, म्हणजे आठवड्याला जेमतेम २५ तास. कतार आणि कुवेतमध्ये आठवड्याचे ४८ चे ३६ होतात. सौदी आणि बहरीनमध्येही दिवसाला सहा, आठवड्याला ३६ अशीच मर्यादा आहे, पण ती मुस्लिम कामगारांपुरती. ओमानमध्ये मुस्लिमांना दिवसाला सहा आणि आठवड्याला ३०. यातला फरक आपली पोरं लक्षात घेत नाहीत. दुबईत ऐकलेलं मस्कतला लावतात.

पण सहा तास म्हणजे शून्य तास नव्हेत. मी तिथल्या ऑफिसात बसून बघितलं ते सांगतो. सकाळी नऊला माणसं येतात ती डोळ्यांवर झोप घेऊन. पहाटेची सहरी, फजरची नमाज, मग घटकाभर पुन्हा लवंडलेली असतात. दहाच्या सुमाराला डोकं चालायला लागतं आणि एकपर्यंत मस्त चालतं. चहापाण्यात जाणारा वेळ वाचतो, बैठका अर्ध्या तासात संपतात, बाहेरगावचे दौरे नसतात. एरवी ज्या साहेबाला गाठायला पंधरा दिवस लागायचे तो रमजानात अकरा वाजता टेबलाशी सापडायचा. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर मात्र उतार. दोननंतर नवीन विषय काढणाऱ्याला कुणी दुवा देत नाही. इफ्तारच्या आधीचा तास रस्त्यावरच्या गाड्यांचा, त्यात फोन करणारा माणूस शत्रू वाटतो. आणि मग तरावीहची नमाज आटोपली की साडेनऊ-दहाला शहर दुसऱ्यांदा उठतं. दुकानं मध्यरात्रीपलीकडे उघडी, तंबूंत नाहीतर मजलिशीत माणसं बसलेली. तिथे धंद्याच्या गोष्टी निघतात, “माझ्याकडे एक सेफ्टी ऑफिसर हवाय” हेही निघतं.

शिवाय काही धंद्यांना तर हाच महिना सुगीचा. इफ्तारच्या बुफेसाठी हॉटेलांना हंगामी माणसं लागतात. कपडे, अत्तरं, मिठाई यांची दुकानं ईदच्या खरेदीसाठी भरतात. सामान पोचवणारे, गोदामवाले, विमानतळावरचे, सगळ्यांची धावपळ. मक्का-मदिनेतल्या हॉटेलांना उमऱ्याच्या गर्दीने श्वास घ्यायला फुरसत नसते. इथल्या जागा ईदनंतर उरत नाहीत, कारण त्या ईदसाठीच असतात.

याच गर्दीत एक वाईट चाल शिरते. विझिट व्हिसावरच्या पोराला म्हणतात, “पंधरा दिवस ट्रायल कर, मग बघू.” ईद झाली की ट्रायल नापास. पगार नाही, कागद नाही, आणि तक्रार करायला गेला तर आधी तोच अडकेल अशी त्याला भीती. परवान्याशिवाय कामाला ठेवणं अमिरातीत गुन्हा आहेच. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मालकाला होणारा दंड वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम केला. तुमच्या कंपनीत असं कुणी सुचवलं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. नीतीच्या गोष्टींनी न ऐकणारा आकड्याने ऐकतो, हा माझा अनुभव.

दुसरी चाल पैशांची. नोकरीवर घेण्याचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथला कामगार कायदा मनाई करतो. तरी “व्हिसा प्रोसेसिंग” म्हणून रक्कम मागणारे निघतात आणि रमजानात जास्त निघतात, कारण व्हिसाचे दिवस संपत आलेला पोरगा घाबरलेला असतो. खरं ऑफर लेटर कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात येतं. अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ अशा भाषांतही ते मिळायची सोय आहे. मराठी त्यात नाही, पण हिंदी आपल्याला पुरते. तुम्ही ते लेटर देताना हिंदी प्रत पुढे केलीत तर पोराला पगारातला मूळ किती आणि भत्ते किती ते स्वतः वाचता येईल. हे वाचता न आल्याने पुढे ग्रॅच्युइटीच्या वेळी किती रडारड होते ते तुम्ही रोज बघता.

आता थोडं माझ्या ओट्यावरच्या पोरांकडे वळतो. तुम्हीही ऐका, कारण त्यांना मी काय शिकवून पाठवतो ते तुम्हाला कळलेलं बरं.

पहिलं म्हणजे मी त्यांना चंद्र बघून तिकीट काढायला सांगतो. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलेल्याची गत वाईट. रमजान लागायच्या तीनेक आठवडे आधी पोचला तर ओळखी होतात, पहिल्या फेऱ्या होतात, आणि रमजानच्या पहिल्या वीस दिवसांत त्या फेऱ्यांचं फळ मागता येतं. ते जमत नसेल तर सरळ ईदनंतर जावं आणि रमजान घरी बसून कागद जमवण्यात घालवावा. कागद म्हणजे पदवीचं साक्षांकन. आपोस्टिलचा एकच शिक्का अमिरातीला चालत नाही. आधी राज्य शासनाचा शिक्का, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचा. याला आठवडे जातात. ऑफर मिळाल्यावर ही धावपळ सुरू करणाऱ्याची जागा दुसऱ्याला गेलेली मी पाहिली आहे.

पदवीधर असेल, अनुभव वरच्या दर्जाच्या कामाचा असेल, तर नुसत्या टूरिस्ट व्हिसाऐवजी नोकरी शोधण्याचा व्हिसा बघावा. २०२२ पासून अमिरातीने तो ६०, ९० आणि १२० दिवसांचा ठेवला आहे आणि त्याला तिथला जामीनदार लागत नाही. १२० दिवसांत रमजान पूर्ण मावतो आणि पुढेही श्वास उरतो. सगळ्यांना तो मिळत नाही. तिथल्या कामगार मंत्रालयाने ठरवलेल्या वरच्या तीन कौशल्यपातळ्यांतले, नाहीतर जगातल्या नामांकित विद्यापीठांतून नुकतेच बाहेर पडलेले, यांच्यासाठी तो आहे. वेल्डर, हेल्पर, वेटर यांना तो दरवाजा बंद. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर तर इमिग्रेशनची मंजुरी लागते, आणि विझिट व्हिसावर जाऊन ती चुकवायचा सल्ला एजंट हमखास देतो. ज्याला नोकरी आधीच ठरली आहे त्याने ती मंजुरी घेऊनच जावं, इथे मी ऐकून घेत नाही.

फोन कधी करायचा? दुबईच्या दहा ते साडेबाराला. आपल्याकडून करायचा तर साडेअकरा ते दोन. सौदी, कतार, कुवेत, बहरीन यांच्याशी अंतर अडीच तासांचं. दुपारी चारला कुणाला छळू नये. व्हॉट्सॲप करायचंच असेल तर रात्री नऊनंतर, इफ्तारच्या तोंडावर नाही. शेवटच्या दहा दिवसांत मोठ्या माणसांच्या मागे लागू नये. त्या रात्री इबादतीच्या असतात आणि अर्धं ऑफिस रजेवर. ते दहा दिवस सीव्ही सुधारायला, ड्रायव्हिंग लायसन्सची चौकशी करायला, एखादा छोटा कोर्स संपवायला वापरावेत. ईदच्या दुसऱ्या दिवशी “ईद मुबारक, मी अमुक, आपलं अमुक तारखेला बोलणं झालं होतं” एवढा निरोप टाकावा. हा निरोप मुसलमानानेच टाकावा असं काही नाही. हिंदू पोरं संकोचतात. संकोचू नये.

आणि इफ्तारला बोलावलं तर जावं. पण तिथे सीव्हीची फाइल घेऊन जाऊ नये, ही माझी सक्त ताकीद. खजूर घ्यावा, सरबत प्यावं, यजमानाच्या मुलाबाळांची विचारपूस करावी. कुणी “काय करतोस?” विचारलं तर दोन वाक्यांत सांगावं, बस्स. नाव लक्षात ठेवावं आणि दोन दिवसांनी सकाळी अकराला फोन करावा. मशिदीबाहेरच्या इफ्तारला तर कुणीही बसू शकतो, तिथे धर्म कुणी विचारत नाही. तुटपुंज्या पैशांवर दिवस काढणाऱ्या कितीतरी पोरांचं रमजानात एक वेळचं जेवण अशा ताटावर निघतं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, त्यांनाही वाटू नये.

खाण्यापिण्याचं भानही सांगावं लागतं, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत. दुबईत २०२१ पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्ती उरलेली नाही. कुवेतमध्ये मात्र रोजाच्या वेळी उघड्यावर खाणं-पिणं हा गुन्हा आहे, १०० दिनारपर्यंत दंड आणि महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाटली तोंडाला लावून बसलेला पोरगा कायद्याने सुटला तरी आतल्या माणसाच्या मनातून उतरतो.

आता पुन्हा तुमच्याकडे.

मुलाखतीत “रोजा आहे का?” हा प्रश्न काही जण सहज विचारतात. आपुलकीने विचारतात, मान्य. पण उमेदवाराला कळत नाही की होय म्हटलं तर अशक्त ठरणार की नाही म्हटलं तर वाईट मुसलमान ठरणार. नाव गोव्याचं, ख्रिस्ती असेल, तर तो आणखी गोंधळतो. गंमत म्हणजे २०२५ मध्ये १ मार्चला रमजान लागला आणि ५ मार्चला ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ. एकाच खोलीतला म्हापशाचा फर्नांडिस आणि दापोलीचा मुकादम दोघेही उपाशी, आणि एचआरला चिंता फक्त एकाची. त्याच वर्षी ३० मार्चला आखातातल्या बहुतेक देशांत ईद आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले होते. कुणाचा उपास कधी सुटतो याचा हिशेब ठेवण्यापेक्षा सगळ्यांनाच सकाळची वेळ द्या. दुपारी साडेतीनला बोलावून, रोजेदार पोराला चाळीस मिनिटं बाहेर बसवून, मग “एनर्जी कमी वाटली” असा शेरा मारलेला कागद माझ्या डोळ्यांखालून गेलेला आहे.

ज्यांची नोकरी रमजानात सुटते त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. अमिरातीत व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायची मुदत आता बहुतेकांना पूर्वीसारखी महिनाभराची नाही, ६० दिवसांपासून पुढे असते. २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असलेल्याचा हप्ता महिन्याला ५ दिरहम, आणि सलग बारा महिने भरला असेल तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. दावा मात्र नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. रमजान आणि ईद मिळून ३० दिवस कसे उडून जातात ते वर मांडलंच आहे. नारळ देताना हातात जो कागद देता त्यावर ही एक ओळ छापायला काय जातं? अडचणीत सापडलेल्या भारतीयासाठी दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८००-४६३४२ हा त्याचा टोल-फ्री क्रमांक. तोही त्याच कागदावर टाका.

मालकाला बदला असं मी म्हणत नाही. ते तुमच्या हातात नाही, माझ्याही कधी नव्हतं. पण रमजान कधी लागणार ते वर्षभर आधी ठाऊक असतं, चंद्राचा एक दिवस इकडेतिकडे. २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागेल. ज्या जागांना मंजुरी हवी आहे त्यांच्यावरची सही जानेवारीत घेऊन ठेवा. सही करणारा उमऱ्याला जाणार असेल तर त्याच्या मागे कोण सही करील ते लिहून घ्या. पहिली चाळणी आणि पहिली ऑनलाइन मुलाखत यासाठी कुणाच्याच सहीची गरज नसते, ही दोन्ही कामं पहिल्या पंधरवड्यात उरकता येतात. आणि ज्याला घ्यायचं नाही हे तुमचं ठरलेलं आहे त्याला ईदची वाट बघायला लावू नका. नकार मिळालेला पोरगा रात्रभर तळमळतो आणि सकाळी मेट्रो पकडून दुसऱ्या दारात जातो. उत्तर न मिळालेला तुमच्याच दारात बसून राहतो. ईदनंतर तुमच्या टेबलावर जो ढीग पडतो तो अशा बसून राहिलेल्यांचाच. त्या एका आठवड्यात तुम्ही शंभर अर्ज घाईने चाळता, चांगला माणूस हातचा सुटतो आणि महिनाअखेर म्हणता, बाजारात माणसंच नाहीत.

उत्तर द्यायला वेळ नाही, ही सबब मात्र यापुढे नको. मजकूर मीच लिहून देतो, इंग्रजी तुम्ही करून घ्या आणि रमजानचा चंद्र दिसल्या रात्रीपासून प्रत्येक अर्जाला आपोआप जाईल असं आयटीवाल्याला सांगा :

“तुमचा अर्ज मिळाला. या जागेचा निर्णय अमुक तारखेपर्यंत होईल. मुलाखती रमजानमध्ये सकाळी १० ते १ या वेळेत, ऑनलाइन. आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आम्हाला कळवा. अमुक तारखेपर्यंत आमच्याकडून फोन आला नाही तर या जागेसाठी थांबू नका, दुसरीकडे प्रयत्न करा.”

दोन्ही ठिकाणी ‘अमुक’च्या जागी तारीख घालायला विसरू नका.

आपला,
आखातातून परतलेला एक कोकणी